स्लॅक ते पोस्टग्रेस: आधी नोंद, मग पोच, मग काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत कंप्रेसर दुरुस्तीचा व्यवसाय, २२ मेकॅनिक चाकण, तळेगाव, रांजणगावला फिरतीवर. तक्रारी स्लॅक या ऑफिस-चॅट ॲपच्या एका चॅनेलवर येतात. ऑफिसातल्या ताई त्या वाचून पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालणाऱ्या तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरायच्या. दोन महिन्यांपूर्वी पुतण्याने एन-एट-एन (n8n) हे ॲप्स एकमेकांना जोडणारं साधन वापरून ही जोडणी आपोआप चालेल अशी करून दिली. आता एकाच तक्रारीची कधी दोन, कधी तीन, क्वचित चार जॉबकार्डं निघतात, काही तक्रारी तर पोचतच नाहीत, आणि ताई संध्याकाळी सातपर्यंत बसून ताळा करतात. तेव्हा एन-एट-एन सोडून झॅपियर हे तसंच दुसरं साधन घ्यावं का?

नको. हत्यार बदलून हे दुखणं जाणार नाही. तुम्ही पाठवलेल्या चित्रावरून पुतण्याने काम मन लावून केलंय हे दिसतं. चूक कष्टात नाही, क्रमात आहे.

मला ही गोष्ट कोणत्याही व्हिडिओने नाही, एका सरकारी कचेरीतल्या आवक-जावक खिडकीने शिकवली. तुम्ही अर्ज देता. खिडकीवरचा कारकून तो वाचत बसत नाही. वहीत नोंद करतो, क्रमांक टाकतो, तुमच्या प्रतीवर शिक्का मारून पोच देतो. अर्जाचं पुढे काय व्हायचं ते आतल्या टेबलांवर होतं. आता कल्पना करा, साहेबांची सही होईपर्यंत कारकुनाने पोचच दिली नाही तर? रांग रस्त्यावर येईल, आणि वैतागलेला माणूस दुसऱ्या दिवशी तोच अर्ज पुन्हा आणून देईल. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय.

स्लॅक एखादी घटना तुमच्या पत्त्यावर पाठवतं तेव्हा ३ सेकंदांत 'मिळालं' असं उत्तर मागतं. आलं नाही तर पुन्हा पाठवतं: पहिल्यांदा जवळजवळ लगेच, मग साधारण एका मिनिटाने, मग पाच मिनिटांनी. म्हणजे मूळ एक आणि फेरपाठवणी तीन. तुमची जॉबकार्डं चारच्या वर कधीच का जात नाहीत, ते आता लक्षात येईल. पुतण्याच्या वर्कफ्लोमध्ये, म्हणजे पायऱ्यांच्या साखळीत, संदेश आल्यावर ग्राहक शोधणं, यंत्राचा करार चालू आहे का पाहणं, जॉबकार्ड करणं, मेकॅनिक नेमणं, चॅनेलवर उत्तर टाकणं, आणि हे सगळं झाल्यावर स्लॅकला होकार, असा क्रम आहे. ऑफिसचं नेट जरा मंद असलं की हे पाच सेकंदांवर जातं. स्लॅकला वाटतं, चिठ्ठी पोचली नाही.

त्याने असं का केलं याचाही मला अंदाज आहे. पत्ता नोंदवताना स्लॅक एकदा 'चॅलेंज' नावाची अक्षरमाळ पाठवतं आणि ती जशीच्या तशी परत मागतं. ती परत करता यावी म्हणून त्याने वेबहुक नोडमध्ये, म्हणजे स्लॅकची घटना आत घेणाऱ्या पायरीत, 'शेवटचा नोड संपल्यावर उत्तर द्या' हा पर्याय निवडला, चॅलेंज पास झालं, आणि तो पर्याय तसाच राहिला. हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता मी नवीन गिऱ्हाइकाकडे गेलो की आधी तेवढंच उघडून बघतो.

मग काय करायचं? डेटाबेसमध्ये 'आवक' नावाचं एक टेबल करा. रकाने मोजके: एक किल्ली, स्लॅककडून आलेला संपूर्ण मजकूर काटछाट न करता जेसनबी प्रकारात (पोस्टग्रेसचा जेसन साठवायचा प्रकार), आल्याची वेळ, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, आणि शेवटची चूक काय आली. पहिला वर्कफ्लो दोनच कामं करेल. या टेबलात ओळ घालणं आणि लगेच 'रिस्पॉन्ड टू वेबहुक' नोडने होकार देणं. चॅलेंज आलं तर ते परत करणारी वेगळी फांदी. बस्स. यात ग्राहक नाही, करार नाही, मेकॅनिक नाही. एक ओळ घालायला पोस्टग्रेसला काही मिलिसेकंद लागतात, ३ सेकंद म्हणजे चैन आहे.

यात क्रमाचा एक बारकावा आहे. काही जण 'लगेच उत्तर द्या' हा पर्याय निवडतात, म्हणजे आधी होकार आणि मग नोंद. दुबार कार्डं त्यानेही थांबतात. पण डेटाबेस त्या क्षणी बंद असेल तर होकार गेलेला असतो आणि नोंद झालेली नसते. स्लॅक समाधानी, तक्रार हवेत. उलट नोंद अडली म्हणून होकार गेला नाही, तर स्लॅक स्वतःहून पुन्हा येईल. त्याची फेरपाठवणी तुम्हाला आज शत्रू वाटतेय, खरं तर तो फुकटचा विमा आहे.

विमा वापरायचा तर दुसऱ्यांदा आलेली चिठ्ठी ओळखता आली पाहिजे. त्यासाठी किल्ली. प्रत्येक घटनेला स्लॅक स्वतःचा ओळखक्रमांक देतं आणि बहुतेक जण तोच किल्ली म्हणून घेतात. मी नव्या संदेशासाठी चॅनेलचा क्रमांक आणि संदेशाचा 'टीएस' (त्याच्या वेळेचा शिक्का) यांची जोडी घेतो, कारण पुढे ताळा करताना जुने संदेश स्लॅककडून मागवले की त्यात घटनेचा क्रमांक नसतो, ही जोडी मात्र असते. किल्लीवर युनिक बंधन (तीच किंमत दुसऱ्यांदा चालणार नाही) घाला आणि ओळ घालताना 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (आधीच असेल तर काही करू नको) लावा. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. 'आधी शोधून बघ, नसेल तर घाल' असा दोन पायऱ्यांचा जुगाड करू नका. एकाच क्षणी दोन प्रती आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच दिसतं आणि दोघीही घुसतात.

टीएस मजकूर म्हणूनच साठवा. तो दिसतो दशांश आकड्यासारखा, सेकंद आणि पुढे सहा अंक, पण आकडा समजून ठेवलात तर शेवटची शून्यं कुठेतरी गळतात आणि मग तीच किल्ली त्याच कुलपाला बसत नाही. वेळ म्हणून वापरायला वेगळा टाइमस्टँप रकाना करा, टाइमझोनसकट.

दुसरा वर्कफ्लो दर मिनिटाला उठतो आणि आवक टेबलातल्या 'बाकी' ओळी उचलतो. हे आतलं टेबल. इथे एन-एट-एनचा एक स्वभाव माहीत हवा. पोस्टग्रेसचा जाणकार तुम्हाला 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' (ओळी कुलूपबंद कर, दुसऱ्याने कुलूप लावलेल्या वगळ) लावायला सांगेल, आणि सल्ला बरोबरच आहे. पण एका नोडने ओळ कुलूपबंद केली तरी तो नोड संपला की व्यवहार संपतो आणि कुलूप सुटतं, पुढच्या नोडपर्यंत टिकत नाही. म्हणून निवडणं आणि खूण करणं एकाच विधानात करा: स्थिती 'बाकी'वरून 'हाती' करणारं अपडेट, आत स्किप लॉक्डची निवड, आणि शेवटी बदललेल्या ओळी परत देणारं रिटर्निंग. काम मध्येच कोसळलं तर ओळ 'हाती' अवस्थेत अडकते, तर दहा मिनिटांहून जास्त अडकलेल्या ओळी पुन्हा 'बाकी' करायच्या. पाच प्रयत्नांनंतरही जमलं नाही तर 'माणसाने बघावं' अशी स्थिती द्या. ताईंनी रोज बघायची यादी तेवढीच.

अर्थात फेरप्रयत्न आले की जॉबकार्ड पुन्हा दुबार होण्याचा धोका आलाच. कार्ड झालं आणि 'झालं' अशी खूण करण्याआधी वीज गेली, तर पुढच्या फेरीत दुसरं कार्ड. म्हणून जॉबकार्डाच्या टेबलातही आवक क्रमांकाचा रकाना आणि त्यावर युनिक बंधन. दार एकच नको, दोन हवीत.

आता गायब होणाऱ्या तक्रारी. तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्या 'बहुतेक गुरुवारच्या'. हे वाचून मला हसू आलं. गुरुवार म्हणजे आपल्याकडे एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा दिवसही बहुधा तोच. तुमचा एन-एट-एन ऑफिसातल्या टेबलाखालच्या संगणकावर आहे. वीज गेली, यूपीएस वीस मिनिटं पुरला, मग संगणक झोपला. स्लॅकने सहा-सात मिनिटांत चार वेळा दार वाजवलं आणि निघून गेलं. चाकणचा ग्राहक मात्र गुरुवारीही चालू असतो.

यावर दोन उपाय, आणि मी दोन्ही करायला सांगेन. एक, एन-एट-एन भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर हलवा. तो २०१९ पासून बर्लिनहून येणारा, स्वतःच्या मशिनवर फुकट चालवता येणारा प्रकार आहे, आणि तुमच्या एवढ्या कामाला साधा सर्व्हर पुरतो. दोन, रोज रात्री ताळा. एक वर्कफ्लो गेल्या ४८ तासांतले चॅनेलचे संदेश स्लॅककडून मागवतो आणि एकेक आवक टेबलात घालायचा प्रयत्न करतो. जे आधीच आहेत ते किल्लीला अडतात, राहून गेलेले आपसूक आत येतात. ताई सातपर्यंत बसून करतात ते हेच काम. ताळा फार लांबवूही नका. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचं काही दिसत नाही, तेव्हा तक्रारींचं दप्तर म्हणून स्लॅकवर विसंबण्यात अर्थ नाही.

हलवताना एक जपा. एन-एट-एन सगळे पासवर्ड एका किल्लीने कुलूपबंद करून ठेवतं आणि ती किल्ली त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते. फोल्डर मागे राहिलं तर वर्कफ्लो येतात, पासवर्ड उघडत नाहीत. आणि नव्या ठिकाणी टाइमझोन लगेच 'एशिया/कोलकाता' करा. मूळ सेटिंग न्यूयॉर्कचं असतं. एका कारखान्याला मी सकाळी नऊचा अहवाल लावून दिला होता, तो संध्याकाळी साडेसहाला यायचा. मालकांना वाटलं पद्धतच तशी आहे, पंधरा दिवस कोणी बोललं नाही.

पुढचा भाग तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या नमुन्यांत दिसला म्हणून लिहितो, कारण यावर मराठीत कोणी बोलत नाही. तुमचे मेकॅनिक मराठीत लिहितात. 'चऱ्होली युनिट २, मशीन १२५, ओ'रिंग फाटला.' या एका ओळीत तीन सापळे आहेत.

पहिला, १२५. हे देवनागरी आकडे आहेत. एन-एट-एनच्या आतली जावास्क्रिप्ट त्यांना आकडा मानत नाही, पोस्टग्रेसही पूर्णांकात बदलायला गेलं की चूक देतं. निम्मे मेकॅनिक इंग्रजी आकडे टंकतात, म्हणून निम्म्याच तक्रारी अडतात आणि कारण सापडत नाही. पोस्टग्रेसच्या ट्रान्सलेट फंक्शनने दहाच्या दहा आकडे एका ओळीत बदलता येतात.

दुसरा, चऱ्होली. यातला अर्धा 'ऱ' दोन तऱ्हांनी टंकला जातो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टाकतात आणि त्याला हलन्त लावतात. काही साधा 'र', हलन्त आणि मागे न दिसणारा एक जोडक टाकतात, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. डेटाबेसला दोन वेगळी गावं. ग्राहक यादीत एक, तक्रारीत दुसरं, आणि 'ग्राहक सापडला नाही'. पोस्टग्रेस १३ पासून अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं नॉर्मलाइझ फंक्शन आहे, पण त्याने हा जोडक जात नाही. 'र, हलन्त, जोडक' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घालणारी बदली स्वतः लिहावी लागते, आणि ती दोन्ही बाजूंना लावायची, ग्राहक यादीलाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाडकर असल्या नावांचे ग्राहक असतील तर हा खटाटोप चुकत नाही.

तिसरा, ओ'रिंगमधलं ते टिंबाएवढं चिन्ह. पुतण्याने संदेशाचा मजकूर थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला हुकूम देणाऱ्या, वाक्यात चिकटवलाय. ओ'रिंग आलं की वाक्य मध्येच तुटतं. आज नुसती चूक येतेय, उद्या कोणी खोडसाळाने त्याच फटीतून टेबलही पुसू शकतो. पोस्टग्रेस नोडमध्ये क्वेरी पॅरामीटर्स म्हणून रकाना आहे, वाक्यात $१, $२ च्या जागा ठेवायच्या आणि किमती तिथे द्यायच्या. इथे मी देवनागरी आकडे लिहिलेत, तुम्ही अर्थातच इंग्रजी वापराल. सोबतच स्लॅक मजकुरातली 'अँड'ची खूण आणि कोनी कंस सांकेतिक रूपात पाठवतं, ते उलगडून घ्या.

फॉर्म देऊन हे सगळं टाळता येईल, असं कोणी सांगेल. स्लॅकमध्ये फॉर्म उघडता येतो हे खरं. पण ग्रीसने माखलेल्या हातांनी पाच रकाने भरायला लावून बघा, आठवड्याभरात सगळे पुन्हा फोनवर येतील. माझं मत असं की मोकळा मजकूर राहू द्या, फक्त पहिला शब्द यंत्राचा क्रमांक असावा एवढाच नियम करा. क्रमांक सापडला नाही तरच उलट प्रश्न विचारा.

उलट उत्तरावरून आठवलं. तुमचा बॉट चॅनेलवर 'तक्रार नोंदवली' असं लिहितो. तोही एक संदेशच असतो आणि तोही घटना म्हणून परत तुमच्याकडे येतो. बॉटने लिहिलेलं वगळायची चाळणी अगदी पहिल्या वर्कफ्लोत हवी. मी एकदा ती विसरून रात्री साडेअकराला वर्कफ्लो चालू केला आणि झोपलो. बॉट स्वतःच्याच पावतीची तक्रार नोंदवत राहिला, सकाळी हजारो 'तक्रारी' होत्या आणि गिऱ्हाइकाचा फोन सहा वाजता. तसंच, मेकॅनिकने संदेश दुरुस्त केला की ती वेगळ्या उपप्रकाराची घटना असते. तिला नवं जॉबकार्ड नको, जुन्यावर टीप हवी. तिची किल्ली म्हणून मात्र घटनेचा क्रमांक घ्या.

उलट दिशेने, म्हणजे डेटाबेसकडून स्लॅककडे, जाताना आवकसारखंच 'जावक' टेबल करा. जॉबकार्डाची स्थिती बदलली की ट्रिगरने (डेटाबेस आपोआप चालवतो तो हुकूम) जावकमध्ये ओळ पडते, वर्कफ्लो ती पाठवतो आणि खूण करतो. पोस्टग्रेसचं लिसन-नोटिफाय, म्हणजे बदल झाला की ऐकणाऱ्याला हाक देणारी सोय, मोहक आहे, पण त्या क्षणी ऐकणारं कोणी नसेल तर ती हाक विरून जाते. आणि स्लॅक एका चॅनेलवर सेकंदाला साधारण एकच संदेश घेतं, तेव्हा महिनाअखेरीला शंभर कार्डं एकदम बंद केलीत तर शंभर संदेश सोडू नका, एक यादी टाका.

सुरक्षेचं दोन शब्दांत. एन-एट-एन आत्ता डेटाबेसच्या मुख्य मालकाच्या नावाने आत शिरतंय, ते आधी बंद करा. त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता, आवक-जावक आणि जॉबकार्ड एवढ्यापुरते अधिकार, आणि प्रत्येक क्वेरीला पाच सेकंदांची मर्यादा. येणारी चिठ्ठी स्लॅकचीच आहे ना, हे साइनिंग सीक्रेटने (स्लॅकने दिलेल्या गुप्त किल्लीने) तपासा, आणि पाच मिनिटांहून जुनी चिठ्ठी नाकारा. ग्राहकांचे मोबाईल नंबर चॅनेलवर छापू नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याआधी तुमच्याच ग्राहकाला ते आवडणार नाही.

राहता राहिला झॅपियर. २०११ पासूनचा मुरलेला प्रकार आहे, आणि सर्व्हर सांभाळणारं कोणीच नसेल तर मीही तोच सुचवतो. पण तिथे तुमचा डेटाबेस त्यांच्या सर्व्हरना बाहेरून गाठता यायला हवा, म्हणजे बहुधा ५४३२ पोर्टाची, डेटाबेसच्या दाराची, वाट इंटरनेटकडे उघडणं आलं, आणि पैसे जवळजवळ प्रत्येक पायरीमागे मोजले जातात. पुतण्या हाताशी असताना कशाला?

कामाला येत्या गुरुवारी बसा, सुट्टीच आहे. पहिल्या दिवशी फक्त आवक टेबल आणि होकाराची जागा बदलणं. पुतण्याला एवढं सांगा की वेबहुकला दोन पत्ते असतात, चाचणीचा आणि कायमचा. चाचणीचा दोन मिनिटंच ऐकतो. स्लॅकमध्ये कायमचा द्यायचा आणि वर्कफ्लो चालू अवस्थेत ठेवायचा. रात्रीचा ताळा पुढच्या आठवड्यात. जावक दिवाळीनंतर केलं तरी बिघडत नाही.

जुन्या जॉबकार्डांना आवक क्रमांक नाही, ती त्या रकान्यात रिकामी राहतील आणि पोस्टग्रेस रिकाम्या जागांना दुबार मानत नाही, त्यामुळे नवं बंधन बिनबोभाट लागेल. पण गेल्या दोन महिन्यांतली दुबार कार्डं तशीच पडून राहतील, आणि त्यांतलं खरं कुठलं हे क्वेरी सांगणार नाही. यादी काढून ताईंच्या हाती द्या. ज्या कार्डावर मेकॅनिकने वेळ आणि सुटे भाग टाकलेत ते ठेवायचं. दोन्हींवर टाकले असतील तर बिल करण्याआधी त्या मेकॅनिकला फोन लावायचा.